बेसचे नॉब, प्लगची पिन आणि एक फिरता मेसेज

‘बेस गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचाच’ अशा मथळ्याचा एक मेसेज बँडवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. सहा मुद्दे, शेवटी हात जोडलेले, ‘पुढे पाठवा’. मी तो आजवर न वाचता पुढे सरकवत होतो. आता तो माझ्या भाच्याकडे पोचला. पोराने नुकताच एक सेकंडहँड जॅझ बेस (फेंडर कंपनीचं बेस गिटारचं एक मॉडेल) घेतलाय, कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो. फोन करून विचारतो, “मामा, अ‍ॅम्पच्या प्लगची ती वरची जाड पिन काढली तर चालेल ना? मेसेजमध्ये तसंच लिहिलंय.” पक्कड हातात घेऊनच बसला होता. म्हणून हा खटाटोप.

तर चौथ्या मुद्द्यापासूनच. तो असा: ‘दोन पिकअपच्या बेसवर एक व्हॉल्यूम कमी केला की घूंऽ आवाज येतो. हा अर्थिंगचा दोष. थ्री-पिन प्लगमधली अर्थची पिन काढा, आवाज बंद.’

पहिलं वाक्य खरं आहे. उरलेली दोन कुणाचा तरी जीव घेतील.

जॅझ बेस 1960 साली बाजारात आला. त्यात दोन सिंगल-कॉइल पिकअप असतात आणि आजच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्यूम, दोघांत मिळून एक टोन. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं, जुन्या ट्यूबलाइटच्या चोकचं चुंबकीय क्षेत्र ती पकडणारच. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ती घूं. आता गंमत अशी की दोन पिकअपांपैकी एकाची गुंडाळी उलटी असते आणि चुंबकही उलटे. त्यामुळे तारांचा आवाज दोन्हीकडून एकमेकांत मिळतो, पण घूं एकमेकांना मारून टाकतात. अट एकच, दोन्ही व्हॉल्यूम सारखे हवेत. एक खाली आणलात की एकाची घूं शिल्लक राहते आणि तीच ऐकू येते. दोष कसला? बेस जसा बनवलाय तसाच वागतोय.

पटत नसेल तर करून बघा. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा, घूं गायब. ब्रिजकडचा, म्हणजे तारा जिथे बेसच्या अंगाला टेकतात त्या पट्टीजवळच्या पिकअपचा, थोडा मागे घ्या, आली. आता बेस गळ्यात ठेवूनच अ‍ॅम्पसमोर उभ्याउभ्या हळूहळू वळा. एका कोनात घूं वाढेल, एका कोनात जवळजवळ नाहीशी होईल. प्लग तोच, पिन तीच, बदलली फक्त कॉइलची दिशा. (लो ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी 49 हर्ट्झचा असतो. म्हणजे गाणं जी मध्ये असेल तर घूं जवळपास सुरातच असते. हे समाधान किती मानायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.)

आता ती पिन. फेंडरने स्वतः काढलेला जॅझ बेसचा वायरिंगचा नकाशा नेटवर कोणालाही सापडतो. त्यात ब्रिजकडे जाणारी एक वायर दिसेल. तारा ब्रिजला टेकलेल्या, ब्रिज त्या वायरने जॅकला जोडलेला, जॅकमधून केबलची जाळी अ‍ॅम्पच्या पत्र्याला आणि पत्रा त्या जाड पिनमधून जमिनीला. म्हणजे तुमची बोटं दिवसभर अ‍ॅम्पच्या पत्र्यालाच लागलेली असतात. पिन जागेवर असेल आणि अ‍ॅम्पमध्ये फेज पत्र्याला टेकली, तर फ्यूज उडतो, नाहीतर एमसीबी पडतो आणि आपण साउंडवाल्याला शिव्या घालतो. पिन नसेल तर काहीच पडत नाही. 230 व्होल्ट तारांवर येऊन थांबतात आणि तुम्ही कोरस गायला ओठ माइकला लावला की वाट पूर्ण होते. 1972 साली वेल्समधल्या स्वॉन्सी इथे स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवरच असा गेला. हातात गिटार होती, अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागला. आपल्या प्लगची ही पिन बाकी दोघींपेक्षा लांब ठेवलेली असते ती सॉकेटात अर्थ सर्वांत आधी जोडला जावा म्हणून. शोभेसाठी नाही.

मेसेजवाल्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. पिन काढल्यावर घूं थांबलेली काहींनी खरोखर ऐकली असेल. अ‍ॅम्प एका सॉकेटवर, मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये केबल, अशा वेळी दोन अर्थिंगमध्ये फेरा तयार होतो आणि त्याचीही घूं येते. पण त्या घूंचा नॉबशी काही संबंध नाही. बेसचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ती चालूच राहते. तिच्यावर उपाय म्हणजे डीआय बॉक्सवरचं (बेसचा सिग्नल मिक्सरकडे नेणाऱ्या छोट्या डब्यावरचं) ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण. ते ऑडिओ केबलची जाळी सोडवतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. किंवा दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावा. फुकटात काम होतं.

बाकीचे मुद्दे पटापट उरकतो.

‘अ‍ॅक्टिव्ह बेस म्हणजे प्रोफेशनल, पॅसिव्ह म्हणजे शिकाऊ.’ अ‍ॅक्टिव्ह म्हणजे आत बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) असलेला, पॅसिव्ह म्हणजे तो नसलेला. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या ढीगभर रेकॉर्डिंगवर वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनचा 1962 चा प्रिसिजन बेस (फेंडरचंच दुसरं मॉडेल) पॅसिव्ह होता. नावाजलेला बेसवादक जाको पास्टोरियसचा जॅझ बेसही पॅसिव्ह. हे शिकाऊ असतील तर आपण सगळे बालवाडीत. अ‍ॅक्टिव्हचा खरा फायदा वेगळा आहे आणि तो नाकारायचं कारण नाही. आतल्या प्रीअ‍ॅम्पमुळे सिग्नल दमदार निघतो, त्यामुळे लांब केबलमध्ये ट्रेबल गळत नाही आणि बेस-ट्रेबल खरोखर वाढवता येतात. 1976 च्या म्युझिक मॅन स्टिंगरेने हे सर्वदूर पोचवलं. त्यामागे होता लिओ फेंडर, ज्याने आधी पॅसिव्ह प्रिसिजन आणि जॅझ बेस बनवले तोच माणूस.

‘सगळे नॉब कायम फुल ठेवा, नाहीतर सिग्नल वाया जातो.’ पॅसिव्ह बेसवर यात थोडं तथ्य आहे. व्हॉल्यूम मागे घेतला की पॉटचा (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरचा) रेझिस्टन्स आणि केबल मिळून वरचे सूर किंचित खातात. जेमर्सन दोन्ही नॉब पूर्ण उघडे ठेवायचा असं सांगतात. पण जाकोचा तो नाकातून बोलल्यासारखा आवाज मुख्यतः ब्रिजकडच्या पिकअपचा आहे, दुसरं मागे घेतल्याशिवाय तो येतच नाही. आणि अ‍ॅक्टिव्ह बेसवर हा सल्ला पाळलात तर भजंच होईल. तिथे बेस, मिड, ट्रेबलचे नॉब सहसा मधोमध ‘टक्’ करून थांबतात. ती टक् म्हणजे काही वाढवलं नाही, काही कापलं नाही. तिथून पुढे वाढ, मागे कपात. तिन्ही फुल केले की नऊ व्होल्टच्या प्रीअ‍ॅम्पची सिग्नल वाढवायची जागा संपते आणि जोरात मारलेली नोट फाटते. मग अ‍ॅम्प खराब आहे म्हणून तो दुरुस्तीला टाकतात.

‘टोनचा नॉब ट्रेबल वाढवतो.’ फेंडरचा तोच नकाशा पुन्हा उघडा. तीन पॉट, तिन्ही 250 किलोओहमचे. एक कपॅसिटर, 0.05 मायक्रोफॅरडचा. एक जॅक. बॅटरी नाही, चिप नाही. यात वाढवणारा भाग कुठला ते बोट ठेवून दाखवा. कपॅसिटर वरच्या सुरांना ग्राउंडकडे वाट काढून देतो आणि टोनचा पॉट ती वाट रुंद-अरुंद करतो. पूर्ण उघडा म्हणजे वाट जवळजवळ बंद, पिकअपला जे ऐकू आलं ते बहुतेक सगळं बाहेर. हा नॉब चाळणीसारखा आहे; चाळणीतून पीठ कमी होईल, जास्त कसं होईल?

‘बॅटरी फक्त वाजवताना संपते.’ साफ चूक. अ‍ॅक्टिव्ह बेसचा जॅकच स्विच असतो. आत स्टीरिओ जॅक बसवलेला असतो, तुमची साधी मोनो पिन आत गेली की त्याचे दोन संपर्क जोडले जातात आणि बॅटरीची वायर पूर्ण होते. अ‍ॅम्प बंद असला तरी. प्रीअ‍ॅम्प एक मिलिअँपिअर खात असेल आणि नऊ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी 500 मिलिअँपिअर-अवरची असेल, तर केबल लावून बेस स्टँडवर ठेवल्यावर तीन आठवड्यांत ती संपली. एकही नोट न वाजवता. साध्या स्वस्त बॅटरीला तेवढाही वेळ लागत नाही. आवाज दबका आणि फाटका यायला लागला की आधी बॅटरी बदला, मग बाकीच्यांवर संशय घ्या. काही बेसवर पॅसिव्हचा छोटा स्विच असतो, कार्यक्रमात बॅटरी गेली तर तोच वाचवतो. तो नसेल तर आवाज बंद, पूर्ण बंद.

सहावा मुद्दा, ‘दोन बॅटऱ्या जोडून 18 व्होल्ट करा, आवाज डबल’. डबल बिबल काही होत नाही. जोरात वाजवताना फाटण्याआधी थोडी जास्त जागा मिळते, बस. तीही बनवणाऱ्याने 18 व्होल्ट चालतात असं लिहून दिलं असेल तरच. आतली चिप किंवा कपॅसिटर कमी व्होल्टेजचा असेल तर प्रीअ‍ॅम्प कायमचा जातो, आणि जुन्या मॉडेलचा प्रीअ‍ॅम्प शोधत लॅमिंग्टन रोडवर फिरणं काय असतं ते फिरलेल्यांना विचारा. मागचं झाकण उघडून सर्किटवर काय छापलंय ते बघा, कंपनीचं माहितीपत्रक बघा. दोन्हीकडे 18 चा उल्लेख नसेल तर एकच बॅटरी लावा.