लॅपटॉप ७० अंशांवर गेला म्हणून घाबरू नका

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘लॅपटॉपचं तापमान ७० अंशांवर गेलं की प्रोसेसर जळायला लागतो. पंखा जोरात वाजला की बिघाड समजा. लगेच थर्मल पेस्ट बदला, कूलिंग पॅड घ्या.’ हे वाचून लोक धडधाकट मशीन उघडून घेतात, याचं वाईट वाटतं.

आधी ७० अंशांचं. पातळ लॅपटॉपमध्ये सर्रास दिसणाऱ्या कोअर आय५-१२३५यू या प्रोसेसर चिपसाठी इंटेलनेच १०० अंश सेल्सिअसची मर्यादा दिली आहे. एएमडीच्या रायझन ७ ५८००एचला ती १०५ आहे. मर्यादेजवळ पोचली की चिप आपणहून वेग उतरवते. तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन स्वतःला वाचवायला आपोआप बंद होतं. १२३५यू एरवी १५ वॅटची, पण टर्बोत, म्हणजे थोडा वेळ जादा वेगानं चालताना, ५५ वॅटपर्यंत जाऊ शकते. एवढी उष्णता बोटभर जाडीच्या डब्यातून झटकन बाहेर पडणार कशी? म्हणून एक्सेलची जड फाइल उघडताना आकडा ९० ला टेकतो आणि काही सेकंदांत खाली येतो. बनवणाऱ्यांनी हे धरूनच चिप बसवलेली असते.

पंखा वाजतोय म्हणजे तो काम करतोय. हलक्या कामात मिनिटाला दोन-तीन हजार फेरे, जड कामात चार ते सहा हजार, हे नेहमीचंच. पंखा लहान असल्यानं पुरेशी हवा ढकलायला त्याला जास्त फिरावं लागतं, त्यामुळे आवाजही चिरका येतो.

मेसेजमध्ये खोलीच्या तापमानाचा उल्लेखच नाही, आणि आपल्याकडे तेच सर्वांत महत्त्वाचं. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात खोली ३८ अंशांवर असेल, तर २६ अंशांच्या एसी ऑफिसपेक्षा त्याच कामाला चिप साधारण दहा-बारा अंश जास्त दाखवणारच.

थर्मल पेस्ट म्हणजे चिपची उष्णता वरच्या धातूकडे नेणारा लेप. नव्या मशीनची पेस्ट बदलण्यात काही अर्थ नाही. कूलिंग पॅडचा, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायच्या पंख्यांच्या स्टँडचा, थोडा उपयोग होतो, पण हवा आत घेण्याची जाळी खाली असेल तरच. मागची कड पुस्तकानं उचलली तरी बराच फरक पडतो. गादीवर मात्र ठेवू नका, जाळी बुजते.

काळजी कधी करायची? काहीच उघडलेलं नसताना पंखा तासभर पूर्ण वेगात असेल, तर आधी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये कोणता प्रोग्राम मागे चालू आहे ते बघा. पंख्यातून खरखर येत असेल तर साफसफाई करून घ्या. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा मशीन बंद करा, चार्जर काढा आणि दाबून-बिबून न बघता त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या.