श्रावणातलं अभ्यंग

पाऊस पडून बांधावरचा पाला हिरवागार झाला की आमच्याकडे शेळ्या माजावर यायला लागतात आणि बोकड अत्तर लावायला. अत्तर घरचंच. शिंगांच्या मागे ग्रंथी असतात, त्यांचा दर्प असतोच. पण तेवढ्यावर गडी भागवत नाही. मान खाली घालून स्वतःच्याच मुताची पिचकारी तो स्वतःच्या तोंडावर, दाढीवर आणि पुढच्या पायांवर मारून घेतो. मग वरचा ओठ मुडपून आभाळाकडे बघत इतक्या समाधानानं उभा राहतो, की बघणाऱ्यालाच ओशाळं व्हावं.

आमचा राजा उस्मानाबादी जातीचा, काळाकुळकुळीत, आणि पंचक्रोशीतल्या निम्म्या शेळ्यांचा यजमान. गिरणा नदीकडून वारा सुटला की राजा घरी आहे हे एसटी स्टँडवर कळतं. एरवी कुणी काही बोलत नाही. पण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, घरोघरी बसते, तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी सुरत-नाशिककडचे भाऊबंद गावी उतरतात आणि मायला अचानक नाक फुटतं.

"हाऊ कितला वास मारस! पाहुणा येतीन. पहिले त्याले आंघोय घाल."

मी समजावलं, खच्ची केलेला बोकड असा वास मारत नाही. हा पैदाशीचा आहे, वास हेच याचं भांडवल. आज धुतला तरी उद्या पुन्हा तसाच.

"तू बी रोज मयस, तरी आंघोय करस ना?"

यावर ढोरांच्या डॉक्टरांकडेही उत्तर नसावं.

आंघोळ घालायची तर उघडीप बघून, भर दुपारी. ओला बोकड गार वाऱ्यात राहिला तर छाती धरतो, म्हणून सरीवर सर असताना हा उद्योग करायचा नाही. कडूलिंबाला आखूड दाव्यानं बांधायचा, कोमट पाणी, साधा शाम्पू, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. हे सगळं ऐकायला सोपं आहे. शेळीजातीला पाण्याचा मुळातच तिटकारा. त्यात माजातला बोकड म्हणजे अंगात आलेला. पहिला तांब्या पडताच राजानं मागच्या पायांवर उभं राहून पुढचे दोन्ही माझ्या खांद्यांवर ठेवले. गळाभेट झाली. दाढी माझ्या गालाला घासली. पिवळी, चिकट, राठ दाढी. त्या एका क्षणात अत्तराचे सगळे हक्क माझ्याकडे वर्ग झाले.

शेजारचे आप्पा ओट्यावरून बघत होते. "तू बोकड्याले आंघोय घाली राह्यना, का बोकड्या तुले?"

दाढी आणि पोटाखालचे केस कात्रीनं कापले, तेव्हा आतलं दिसलं. नाकाजवळ आणि पुढच्या गुडघ्यांखाली कातडी लालबुंद, केस झडलेले. मुतानं भाजते ती. माझ्या मते धुण्याचं खरं कारण हेच. वासासाठी बोकड धुणं म्हणजे निव्वळ पाहुण्यांची समजूत. तेवढी जागा हलक्या हातानं पुसली, कोरडी केली, वर व्हॅसलीन चोपडलं. तिथं मात्र राजा अजिबात हलला नाही. ऊस चावणाऱ्या पोरासारखा जबडा हलवत निमूट उभा राहिला.

एवढं होईस्तो आप्पा स्वतःचीच शेळी घेऊन हजर. माज असतो जेमतेम दीड दिवसाचा, आणि तो हुकला की पुढचे 21 दिवस वाट बघा. शेळी शेपटी हलवत ओरडत होती. राजाजवळ आली, हुंगलं, आणि तोंड फिरवून माझ्याकडे आली.

आप्पांनीही नाक पुढे केलं. "वास त काहीच नही! बोकड्या बदली टाका का?"

राजानं ऐकून घेतलं. मान खाली घातली आणि धुतलेल्या तोंडावर, व्हॅसलीनच्या वरून, नेम धरून पिचकारी मारली. मग शेळीची काही तक्रार राहिली नाही, आप्पांचीही नाही. पाच महिन्यांनी करडं झाली की त्यातलं एक देईन, असं ते उत्साहात बोलून गेले. ते मी लिहून ठेवलंय.

मी विहिरीवर जाऊन कातडी निघेस्तो अंग घासलं. संध्याकाळी भाऊबंद जेवायला बसले. सुरतच्या काकांनी इकडंतिकडं बघत विचारलं, "बोकड्या घरमा बांधस का?"

माय रोट वाढत होती. वर न बघता मला म्हणाली, "तू ताट ली आन् ओटावर बस."