तीन मजली चहा

लंडनजवळ राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरी मे ते ऑगस्ट पाहुणे असतात. हवा बरी असते, तिकडे सुट्ट्या असतात आणि इथं आपण असतो. पाहुण्यांना हिंडवायला माझी ना नाही. लॉर्ड्स, किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर, टेम्सवरची बोट, सगळं आनंदानं दाखवते. पण तिसऱ्या दिवशी कुणीतरी फोनवरचा तो फोटो पुढे करतं. चकचकीत दांडी, तिला एकावर एक तीन बशा, आणि बशांत बाहुलीच्या भातुकलीतला वाटावा असा खाऊ. "हे इथलंच ना गं? एकदा करू या की!"

या चहाला, म्हणजे इथल्या ‘आफ्टरनून टी’ला, असंच उठून जाता येत नाही. बुकिंग लागतं. शिवाय म्हणायचं दुपारचा चहा, पण रिट्झ या बड्या हॉटेलात पहिली पंगत सकाळी साडेअकराला बसते, शेवटची संध्याकाळी साडेसातला, आणि पुरुषांना कोट-टाय सक्तीचा. आमच्या ऐपतीच्या हॉटेलात कोटाची सक्ती नाही, पण फोनवर उलटतपासणी होतेच. आत्याला अंडं केकमध्ये चालतं, सँडविचमध्ये चालत नाही, हे मी पलीकडच्या मुलीला समजावत होते.

"ॲलर्जी आहे का त्यांना?"

"नाही, तत्त्व आहे."

तिनं बहुधा ॲलर्जीच लिहून घेतलं.

आत्या आणि आतोबा सांगलीचे. आतोबा बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे मेन्यू ते उजवीकडून वाचतात. "माणशी पंचावन्न पौंड? म्हणजे सहा हजारांच्या वर गेले. चहाला!" त्यांचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून मी इतिहास काढला. साधारण १८४० च्या सुमाराला बेडफर्डची सातवी डचेस, ॲना, हिला दुपारच्या किरकोळ खाण्यानंतर रात्री आठच्या जेवणापर्यंत दम निघेना. मग ती चारच्या सुमाराला खोलीत चहा, पाव-लोणी मागवायला लागली, मैत्रिणींना बोलवायला लागली आणि तीच रीत पडली.

"चार वाजता भूक कुणाला लागत नाही?" आत्या म्हणाली. "मी रोज डबा उघडून शंकरपाळे खाते. माझं नाव झालं का कुठं?"

मी आणखी मागे गेले. १६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इथल्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. चहाची सवय ती माहेरून घेऊन आली आणि तिच्यामुळे तो दरबारात रुळला. हुंड्यात तिच्या बापाकडच्यांनी मुंबई दिली होती.

"म्हणजे मुंबई गेली ती गेलीच," आतोबा म्हणाले, "आणि वर बिलही आपणच भरायचं."

तेवढ्यात बशा आल्या. खालच्या मजल्यावर सँडविचेस, मधल्यावर स्कोन म्हणजे जाडसर छोटे बन, वरती केक. खायचं खालून वर. आत्यानं पहिला हात घातला तो थेट वरच्या मजल्यावरच्या लिंबाच्या टार्टला. वेटरची एक भुवई हलली, पण तो काही बोलला नाही. इंग्रज माणूस बोलला नाही की जास्त लागतं. काकडीच्या सँडविचला कडा नव्हत्या आणि काकडी अशी कापलेली की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं. आतोबांनी एक घास केला, शोधला, आणि दुसरं उचललं.

चहाची किटली आली तेव्हा आत्यानं झाकण उघडून आत पाहिलं. "उकळला नाहीये हा." मग मी सांगितलं की चहा कसा करावा याचं या देशात सरकारमान्य मानक आहे. चवीच्या तपासणीसाठी १९८० साली केलेलं, सहा पानांचं. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं. १९९९ मध्ये त्यासाठी इथल्या मानक संस्थेला इग् नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालं. "आणि आलं?" आत्यानं विचारलं. सहा पानांत आलं नाही. आतोबांनी अर्ल ग्रे मागवला होता. त्यातल्या बर्गमॉटचा, म्हणजे एका लिंबासारख्या फळाचा, वास आला तसा त्यांनी कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "यात अगरबत्ती बुडवलीय का गं?"

खरं सांगायचं तर इथले लोकही घरी असा चहा पीत नाहीत. मगमध्ये पिशवी बुडवतात आणि उभ्या-उभ्या संपवतात. इथं येतात ते आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, लग्न ठरलेल्या मैत्रिणीला घेऊन. शेजारच्या टेबलावरच्या चार म्हाताऱ्या दोन तास हलल्या नव्हत्या. किटलीत गरम पाणी परस्पर येत होतं. आत्या त्यांच्याकडे बघत म्हणाली, "यांच्यातली एकही आत जाऊन भांडी बघत नाहीये." आणि ती खुर्चीत जरा मागे रेलून बसली.

मग स्कोन. तो हातानं उकलायचा, आणि त्यावर आधी जॅम की आधी क्रीम यावरून दोन परगण्यांत पिढीजात वाद आहे. डेव्हनवाले आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम. आत्यानं वाद ऐकून घेतला, क्रीमचा चमचा जिभेवर ठेवला आणि तिचे डोळे लकाकले.

"अगं, ही साय आहे!"

सायच. मंद आचेवर तासन्‌तास ठेवून वर धरलेली. कॉर्नवॉलच्या क्लॉटेड क्रीममध्ये किमान पंचावन्न टक्के स्निग्धांश लागतो, हे मी सांगायला नको होतं. तिनं वेटरला बोलावलं. एवढी साय धरायला दूध किती लागतं, म्हशीचं की गाईचं, विरजण लावता का, सगळं मला भाषांतर करून विचारायला लावलं. तो आत जाऊन विचारून आला. गाईचं, म्हणाला, आणि सोबत सायीच्या आणखी दोन वाट्या घेऊन आला. उरलेलं त्यानं स्वतः डब्यात भरून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कढवलेल्या तुपाच्या वासानं जागी झाले. चार चमचे निघालं होतं, चांगलं रवाळ. आतोबा शेजारी बिल घेऊन बसले होते. सेवाशुल्कासकट त्यांचा हिशेब झाला होता : चमच्याला सव्वापाच हजार.