"तीनदा माफ झालं, तरी रडता काहून" म्हणणाऱ्यासाठी

आमच्या तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर दोन दिवसापासून एकच मेसेज फिरून राहिला. म्हणे नेत्यांनी कर्ज तीनदा माफ केलं, हमीभाव वाढवला, यांनी तो पैसा लग्नात उडवला, वरून बुलेटवर फिरतात, आता आमदारानं काय जादू करावी. माझ्या मावसभावानंच टाकला, तो पुण्याले असते. फोनवर सांगून झालं, ऐकत नाही, म्हणून लिहितो.

तीनदा माफ. २००८ ची माफी दोन हेक्टरच्या, म्हणजे पाच एकराच्या आतल्याले पूर्ण होती. आमची कोरडवाहू, आठ एकरात जे होते ते ओलिताच्या दोन-अडीच एकरात निघते, पण कागदावर आम्ही मोठे शेतकरी. मोठ्याले सूट २५ टक्के किंवा २० हजार, जे जास्त असेल ते, अन् तेही बाकीची रक्कम आधी भरल्यावर. ती असती तर थकलो कशाले असतो बाप्पा. २०१७ ले दीड लाखाची मर्यादा, तीबी अख्ख्या कुटुंबाले मिळून, नवरा-बायकोनं सोबत सेंटरवर जाऊन अंगठे द्यायचे, सर्व्हर डाऊन, उद्या या. २०१९ ले दोन लाख, पण मुद्दल अन् व्याज मिळून दोन लाखाच्या वर गेलं की माणूस पूर्ण बाहेर. आमच्या बाबांचं व्याजानंच वर गेलं. घोषणा तीन झाल्या, आमच्या सातबाऱ्यावरचा बोजा एकदाबी उतरला नाही.

लग्नाचं तर कृषिमंत्री असताना माणिकराव कोकाटेही एप्रिल २०२५ मध्ये बोलले होते, मग दिलगिरी व्यक्त केली. अरे पण माफीचा पैसा हातात येतच नाही, कर्जखात्यात जमा होऊन तिथंच कटते. उडवाचा कसा?

हमीभाव वाढला, खोटं नाही. सोयाबीन २०२४-२५ ले ४८९२, प्रचारात तर ६००० सांगितले होते. पण सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्याच्या वर दिसला की पोते वापस. ती अट १५ टक्के केली नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेचं मतदान तोंडावर आल्यावर, तोवर अर्ध्या गावानं व्यापाऱ्याले पडेल भावात देऊन दिवाळी केली होती. अन् कापसाचं पाहा, ऑगस्ट २०२५ मध्ये आयातीवरची ११ टक्के ड्युटी काढली, मग मुदत डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे इकडे आमची वेचणी सुरू अन् तिकडून बाहेरचा कापूस बिनशुल्क. हे काही आभाळातून पडलं नाही, कोणीतरी सही केली ना? मग "नेता काय करणार" मले नका सांगू.

आमदाराचं म्हणाल तर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पाण्यात उभी होती तेव्हा आम्ही बारा जण गाडी करून भेटाले गेलो. चहा पाजला, निवेदन घेतलं, फोटो काढला, "वरती बोलतो" म्हणाले. फोटो संध्याकाळीच स्टेटसवर आला, वरचं उत्तर काही आलं नाही. तिकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडूंच्या कर्जमाफीच्या आंदोलनात नागपूरजवळ हायवे जाम झाला तर दोन-तीन दिवसात मुंबईले चर्चेला बोलावणं अन् ३० जून २०२६ च्या आत निर्णय घेतो म्हणून तारीखबी. जादू होते म्हणजे, ट्रक अडकले की होते.

राहिली बुलेट. आमच्या गावात तीन आहेत. एक कृषी केंद्रवाल्याची, एक गुरुजीची. तिसरी शेतकऱ्याची होती, खरं आहे, किस्त थकली म्हणून मागच्या महिन्यात फायनान्सवाले उचलून घेऊन गेले.