मेगावॅट नंतर, आधी क्रियापद

उद्या तुमच्यावर अणुऊर्जा सहकार्याच्या बोलण्यांना बसायची वेळ आली, तर अणूतलं काही कळत नाही म्हणून मागे सरू नका. अणू शास्त्रज्ञ बघून घेतील. तुमच्याकडून अपेक्षा आहे ती मराठीच्या पेपरात व्याकरणाला जेमतेम पास होण्याची, त्यातही क्रियापदं चालवता येण्याची. वीजनिर्मिती हा पुढचा भाग आहे, आणि पुढचा भाग पुढेच ठेवायचा असतो.

गृहपाठाला जैतापूर घ्या. जिल्हा रत्नागिरी, तालुका राजापूर. नाव जैतापूरचं, जमीन मात्र माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आणि वरीलवाडा या गावांची, ९३८ हेक्टर. फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या, एकेक १६५० मेगावॅटची, एकूण ९९०० मेगावॅट. जगातला सर्वांत मोठा अणुवीज प्रकल्प असं त्याचं वर्णन होत आलंय आणि तो किताब अजून त्याच्याकडून कोणी हिसकावू शकलेलं नाही. कागदावरच्या पैलवानाला कोण चीत करणार?

आता दोन्ही देशांच्या करारांतली आणि संयुक्त निवेदनांतली क्रियापदं बघा, म्हणजे हात बसेल. सप्टेंबर २००८ मध्ये पॅरिसला भारत-फ्रान्स करार झाला. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत आले आणि पहिल्या दोन अणुभट्ट्यांसाठी चौकट-करारावर सह्या झाल्या. तेव्हाची क्रियापदं अगदी ठणठणीत होती: केला, झाला, ठरलं. जानेवारी २०१६ मध्ये त्यांच्या नंतरचे अध्यक्ष ओलांद आले, तेव्हा २०१७ च्या सुरुवातीला अंमलबजावणी सुरू करण्याचं 'समान उद्दिष्ट ठेवलं'. मार्च २०१८ मध्ये ओलांदांच्या जागी आलेले मॅक्राँ आले आणि २०१८ च्या अखेरीस काम सुरू करण्याच्या उद्दिष्टाचा 'पुनरुच्चार केला'. जुलै २०२३ मध्ये पॅरिसला चर्चेतल्या प्रगतीचं 'स्वागत केलं'. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रकल्पाची 'दखल घेतली'. गॅस बंद केल्यावर आधण कसं हळूहळू गप्प होतं, तसं. मात्र झाकण काढायचं नाही. झाकण असेपर्यंत भात शिजतोय, असंच घरात सगळे धरून चालतात.

हे तंत्र आमच्या राजापूरला नवीन नाही. उन्हाळे गावची गंगा अशीच अवतरते. तीन वर्षांनी येते म्हणतात, पण हल्ली तिच्याही वेळापत्रकाचा नेम राहिलेला नाही. आली की एसट्या भरून लोक येतात, कुंडांवर रांगा लागतात, पेपरात फोटो छापून येतो. मग एक दिवस कोणाला न सांगता गंगा निघून जाते. संयुक्त निवेदनाचंही तेच. फरक एवढाच की गंगा आली की निदान पाणी येतं.

समोर कोण बसलंय याकडे फार लक्ष देऊ नका, कारण समोरचा बदलतो. आपण बोलायला बसलो तेव्हा समोर 'अरेवा' ही फ्रेंच अणुभट्टी कंपनी होती. बोलता बोलता ती इतकी तोट्यात गेली की २०१४ या एकाच वर्षाचा तोटा ४.८ अब्ज युरोंचा निघाला आणि तिचा अणुभट्ट्यांचा धंदा फ्रान्सच्याच सरकारी वीज कंपनीच्या, ईडीएफच्या पदरात घालावा लागला. तुम्ही डगमगू नका. खुर्चीवरची पाटी बदला आणि बोलणं जिथे राहिलं होतं तिथून सुरू करा. एप्रिल २०२१ मध्ये या नव्या पाटीने 'बंधनकारक' तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. आपल्याकडच्या काही भाबड्यांनी तो शब्द 'बांधकाम' असा वाचला. बंधन वेगळं, बांधकाम वेगळं.

मालाबद्दल कोणी विचारलंच, तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या फ्लामाँविलचं उदाहरण आपणहून देऊ नका. तिथे याच जातीच्या भट्टीचं काम २००७ मध्ये सुरू झालं, ते २०१२ मध्ये संपायचं होतं. वीज डिसेंबर २०२४ मध्ये आली. खर्च ३.३ अब्ज युरोंवरून १३ अब्जांच्या पुढे गेला. फिनलंडच्या ओल्किलुओटोचं नाव तर घेऊच नका. २००९ मध्ये सुरू व्हायची ती भट्टी एप्रिल २०२३ मध्ये नियमित चालू झाली. एवढं करून कोणी नेट लावलाच, तर 'उशीर' हा शब्द टाळा. म्हणा, 'भागीदाराकडे समृद्ध अनुभव आहे.' स्वतःच्या अंगणात बारा वर्षं उशीर केलेल्या माणसाचा अनुभव समृद्धच म्हणायला हवा.

आता अवघड जागेचं दुखणं. भट्टीला काही झालं तर भरपाई कोणी द्यायची? २०१० साली भोपाळ वायुदुर्घटनेच्या निकालाचा राग ताजा होता. त्या भरात संसदेने कायदा केला: भरपाई आधी प्रकल्प चालवणाऱ्याने द्यायची, १५०० कोटींपर्यंत, पण माल सदोष निघाला तर त्याने ती पुरवठादाराकडून वसूल करायची, कलम १७(ब). झालं. फ्रेंच असोत की अमेरिकन, साऱ्यांना या कलमाचा ठसका लागला. तो उतरावा म्हणून २०१५ मध्ये १५०० कोटींचा विमा-निधीसुद्धा उभा केला, तरी ठसका काही गेला नाही.

या मुद्द्यावर तुम्ही आंबेवाल्यासारखं वागू नका, हे कळकळीनं सांगतो. आमच्याकडे पेटीत दोन आंबे डागी निघाले तर बागायतदार मुकाट्याने बदलून देतो. शिकलेला नाही बिचारा, आंतरराष्ट्रीय व्यापार त्याला कळत नाही. अणुभट्टी विकणाऱ्याची रीत निराळी: माल आमचा, डाग तुमचा. शेवटी आपणच शहाणे झालो आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तो २०१० चा कायदाच मोडीत काढला. नव्या कायद्याचं नाव 'शांती'. आता सदोष मालाबद्दल पुरवठादाराला आपोआप धरता येत नाही, करारात तसं लिहून घेतलं असेल तरच. आणि करार कोण लिहिणार? तुम्ही. म्हणून म्हटलं, व्याकरण पक्कं करा.

'अखंड इंधनपुरवठा' हे शब्द मसुद्यात आले की तारापूर आठवून गालातल्या गालात हसा, मोठ्याने नको. १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला, १९६९ मध्ये तारापूरला वीज सुरू झाली, १९७४ मध्ये आपण पोखरणला स्फोट केला आणि मग अमेरिकेने आपला कायदा बदलून इंधन अडवलं. तेव्हा धावून आला तो फ्रान्स. हे आभाराचं वाक्य मात्र निवेदनात जरूर टाका, जुनी ओळख काढली की भाव करायला संकोच वाटतो. त्यांना नव्हे, आपल्याला.

राहता राहिली जागा. तिच्यासाठी नकाशा पुरतो. नकाशावर माडबनचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, तपकिरी दिसतो, म्हणून तो ओसाड. पावसाळ्यात त्यावर गवत उगवतं, गुरं चरतात, कडेने आंब्याची कलमं आणि काजू उभे आहेत, या गोष्टी नकाशाच्या प्रमाणात बसत नाहीत. खाडीपलीकडे साखरी नाटे आहे, तिथल्या होड्याही बसत नाहीत. भट्टीचं गरम पाणी समुद्रात सुटल्यावर मासळी कुठे जाईल, असं ते विचारतील. त्यांना पर्यावरण मंजुरी दाखवा. ती २८ नोव्हेंबर २०१० ला मिळाली, सार्कोझी यायच्या आठवडाभर आधी. पाहुणे यायचे म्हटल्यावर ओटी सारवायचीच असते. मंजुरीला ३५ अटी आहेत. पस्तीस अटी ऐकून समोरचा माणूस पस्तिसावी विचारेपर्यंत पहिली विसरलेला असतो.

साडेतीन महिन्यांनी, ११ मार्च २०११ ला, फुकुशिमा झालं. त्यासाठी 'सुरक्षेचा फेरआढावा घेतला' हे तयार वाक्य आहे. पुढच्या महिन्यात १८ एप्रिलला साखरी नाटे इथे प्रकल्पाविरोधातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. याच्यासाठी आपल्या यादीत क्रियापद नाही. ते कलम सोडा आणि पुढच्या पानावर या.

पुढच्या पानावर छोट्या अणुभट्ट्या आहेत. थोरल्याचं पंधरा वर्षं जमत नसलं की घरची मंडळी धाकट्यासाठी स्थळं बघायला लागतात, तसं फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही देशांनी छोट्या, सुट्या भागांच्या भट्ट्यांवर भागीदारी करण्याचा इरादा जाहीर केला. इरादा हे फार सोयीचं नाम आहे, त्याला क्रियापद लागतच नाही. त्यातून यंदाचा मसुदा तुमच्याकडे आला, तर नव्याने लिहीत बसू नका. २०१६ चा कागद काढा, 'सहा' खोडून तिथे 'छोट्या' लिहा, पाहुण्यांचं नाव तपासा, आणि 'लवकरात लवकर' आहे तसंच राहू द्या.