विहिरीत अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग ओतू नका

‘आटलेली विहीर २४ तासांत जिवंत करा’ हा मेसेज सध्या खान्देशातल्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. पारोळ्याच्या माझ्या नानांनी तो वाचून परसातल्या बांधीव विहिरीसाठी अ‍ॅसिडचे कॅन आणून ठेवले, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज थोडक्यात असा: विहिरीचं पाणी कमी झालं म्हणजे झऱ्यांची तोंडं बुजली. दहा लिटर अ‍ॅसिड, पाच किलो ब्लिचिंग पावडर आणि खडेमीठ टाका, वरून ताडपत्री बांधा. सकाळी कंदील सोडून बघा, विझला नाही तर बिनधास्त उतरून गाळ काढा. झरे आपोआप फुटतील.

सगळ्यात घातक गोष्ट आधी. संडास धुवायचं अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेच्या जवळपास अडीचपट जड. विहिरीत तयार झाला की वर येऊन उडून जात नाही, तळाशी बसून राहतो. त्यावर ताडपत्री बांधायला सांगणं म्हणजे माणूस उतरेपर्यंत विष जपून ठेवायला सांगणं. शिवाय जुन्या घरांच्या विहिरींची चिरेबंदी चुन्यात असते. अ‍ॅसिड तो चुना खातं, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. तोही हवेपेक्षा जड, त्याला ना रंग ना वास. म्हणजे खाली हवा मारक आणि वर दरजा पोकळ झालेले दगड, अशा जागी घरातल्या तरण्या पोराला दोर बांधून सोडायचं. हे लिहिणाऱ्यानं विहिरीत कधी पाऊल तरी टाकलंय का?

कंदिलाचं म्हणाल तर त्यात अर्धं खरं आहे. ज्योत विझली तर खाली प्राणवायू कमी आहे, तेव्हा उतरायचं नाही, हे जुन्या माणसांना अनुभवानं ठाऊक होतं. पण ज्योत जळत राहिली म्हणून हवा चांगली, हे साफ खोटं. डिझेल इंजिन विहिरीच्या टप्प्यावर ठेवून उपसा केला की त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. तो माणसाला बेशुद्ध करतो, तरी कंदील शांतपणे जळत असतो. सडलेल्या गाळातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचंही तेच. आणि अशा वेळी एक जण खाली पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही वर येत नाही. या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

ब्लिचिंग पावडर विहिरीसाठी वापरतात, हे मान्य. पण कशासाठी? जागतिक आरोग्य संघटनेनं खोदीव विहिरींच्या सफाईवर एक छोटं टिपण काढलंय, त्यातला क्रम बघा. आधी पाणी उपसायचं, गाळ-कचरा काढायचा, भिंती घासायच्या, बांधकाम दुरुस्त करायचं, आणि क्लोरीन शेवटी. ते जंतू मारायला. नंतर ते पाणीसुद्धा उपसून टाकायचं. झरे मोकळे करण्याचं काम क्लोरीन करत नाही. अ‍ॅसिडही वापरतात, पण ट्यूबवेलच्या जाळीदार पाइपावर चढलेला क्षार काढायला, मोजून-मापून, जाणकार माणसांकडून. मिठानं फक्त पाणी खारट होतं.

आता मूळ दावा, झरे बुजले म्हणून पाणी गेलं. काही ठिकाणी हे खरंही असतं. धुळे, साक्री, पारोळ्याकडे काळा पाषाण आहे. तिथे पाणी झिजलेल्या मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून येतं, आणि त्या भेगा गाळानं, मुळ्यांनी, क्षारानं भरतात. पण रावेर-यावलकडे तापीच्या गाळाच्या पट्ट्यात गोष्ट वेगळी आहे. तिथे उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त होऊन पाण्याची पातळीच खाली गेलीय, हे केंद्रीय भूजल मंडळाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत. केळीच्या बागांना पाणी देणारे खोल बोअर चालू असताना चाळीस फुटांच्या घरच्या विहिरीत काहीही ओता, पाणी वर चढणार नाही.

आपली विहीर कुठल्या प्रकारची, हे घरबसल्या कळतं. दोराला हात-हातावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा. मोटारीनं उपसा करा, बंद केल्यावर पाणी कुठे आहे ते मोजा, मग तासातासानं पुन्हा मोजा. वरूनच बॅटरी मारून बघा: चिऱ्यांच्या कुठल्या दरजा ओल्या आहेत, कुठे पांढरा थर चढलाय. शेजारच्या चार विहिरींची पातळीही बघा. त्यांना पाणी आहे आणि तुमच्या विहिरीत तासाला दोन बोटंही चढत नसेल, तर गाळ काढून फायदा होईल. सगळ्याच कोरड्या असतील तर गाळ काढण्याचे पैसे वाया. मग पावसाळ्याआधी छपराचं पाणी वाळू-गिट्टीच्या गाळणीतून विहिरीत सोडायची सोय करा. अंगणातलं, गोठ्यातलं पाणी त्यात येता कामा नये. पाषाणातल्या विहिरीला आडवे बोअर मारून कधी कधी पाणी लागतं, पण जागा दाखवायला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या माणसाला विचारा, नारळ हातावर उभा धरणाऱ्याला नको.

गाळ काढायला माणूस उतरवायचाच असेल तर आधी कॉम्प्रेसरनं किंवा ब्लोअरनं तळापर्यंत ताजी हवा सोडा, ती काम संपेपर्यंत चालू ठेवा. इंजिन विहिरीपासून लांब. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर हवा, वर त्याला ओढून घेऊ शकतील अशी किमान दोन धडधाकट माणसं हवीत, आणि दोर सोडून कुणी हलायचं नाही.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच ओतून टाकलंय, त्यांनी कठड्यावरून वाकून बघू नका. लेकरं-गुरं लांब घ्या, वारा ज्या बाजूनं विहिरीकडे येतोय त्या बाजूला थांबा, ते पाणी प्यायला, गुरांना, स्वयंपाकाला वापरू नका, आणि त्या विहिरीत कुणालाही उतरू देऊ नका. आत कुणी पडलंच तर मागून उडी न घेता ११२ ला फोन करा, आणि आत काय ओतलंय ते येणाऱ्यांना आधी सांगा.