फक्त कपडे आणा

"सर, काही आणू नका. तंबू आहेत, गाद्या आहेत, जेवण आहे. फक्त कपडे आणा."

भंडारदऱ्याजवळ ज्याच्याकडे आमचा मुक्काम ठरला होता, त्याने फोनवर इतकं स्वच्छ सांगितलं होतं. चूक माझी. मी ते वाक्य घरात सगळ्यांसमोर जसंच्या तसं बोलून दाखवलं.

"सगळं आहे म्हणणाऱ्याकडे काही नसतं," आई म्हणाली. यामागे तिचा १९७८ सालातल्या एका लग्नाचा अनुभव होता. तिथेही वऱ्हाडाला 'सगळं आहे' असं कळवलं होतं आणि पोचल्यावर साठ माणसांत तांबे निघाले दोन.

"गाद्या म्हणाला, पण चादरी म्हणाला का?" बायको.

"टॉयलेट तंबूच्या आत आहे की बाहेर?" थोरली. ती बारा वर्षांची आहे आणि या वयात माणसाला निसर्गात फक्त एवढाच रस असतो.

"बिबट्या आहे का?" धाकटा. वय सहा. त्याला 'नाही' असं उत्तर दिलं असतं तर तो आलाच नसता.

जायचं होतं काजवे बघायला. मे संपताना वळवाचे एक-दोन पाऊस पडले की भंडारदरा, घाटघर, रतनवाडीकडची झाडं काजव्यांनी लखलखायला लागतात. हिरडा, बेहडा, सादडा, उंबर, जांभूळ. मृगाचा पाऊस जोरात लागला की खेळ आटोपतो. म्हणजे सगळे मिळून दोन-तीन आठवडे. त्यात शनिवार-रविवार तीन. त्यातल्या एका शनिवारी कुणाची तरी मुंज. तारीख ठरली तेव्हा हातात चार दिवस होते.

चार दिवस मला भरपूर वाटले, कारण माझ्या डोक्यात हिशोब जुना होता. कॉलेजात असताना याच भागात आम्ही रतनगड केला होता, हरिश्चंद्रगड केला होता. लोकलने कसारा, पुढे मिळेल त्या गाडीने. सामान म्हणजे एक सॅक. तीत एक चादर, एक टॉवेल, डाळ-तांदळाची पुरचुंडी आणि बिस्किटाचे पुडे. सॅकच्या मागे कुणाच्या तरी आईचं जर्मनचं पातेलं बांधलेलं, जे चालताना टणटण वाजायचं आणि परत कधीच त्या आईला मिळायचं नाही. बॅटरी पाच जणांत एक, तिचे सेल उतरलेले. ती सगळ्यात पुढच्याच्या हातात. बाकीचे त्याच्या शिव्यांच्या आवाजावरून वाट काढायचे.

हे मी मुलांना सांगितलं. थोरलीने शांतपणे विचारलं, "मग तुम्ही आंघोळ कधी करायचात?" विषय तिथे संपला.

आता एक कबुली. तंबू मिळणार होता तरी आमचा स्वतःचा तंबू येणारच होता. कारण तो मी फोन करण्याच्या आधीच घेऊन बसलो होतो. सेल चालू होता. वर्णनात 'चार माणसांसाठी' असं लिहिलं होतं. ही चार माणसं कोण आणि त्यांचे एकमेकांशी काय संबंध, ते लिहिलं नव्हतं.

बुधवारी रात्री हॉलमध्ये त्याची रंगीत तालीम झाली. टीपॉय गॅलरीत गेला, सोफा भिंतीला उभा टेकवला. आतून रबर ओवलेल्या त्या काठ्या एकाला एक जोडत गेलो तर शेवटचं टोक ट्यूबलाइटला लागलं. दुसरी काठी वाकवून कोपऱ्यात अडकवायला गेलो, ती सुटली आणि देव्हाऱ्यातली घंटा वाजली. आईने आतून हात जोडल्याचं मला न बघताच कळलं. तासाभराने तंबू उभा राहिला. मुलं आत शिरली ती बाहेर येईनात. बुधवारी तिथेच झोपली, गुरुवारीही तिथेच. शुक्रवारी सकाळी धाकटा म्हणाला, "झालं ना कॅम्पिंग. आता जायचं कशाला?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

खरी परीक्षा तंबू पिशवीत परत घालण्याची. मी गुंडाळला, नाही मावला. त्यावर बसून हवा काढली, नाही मावला. बायकोने मोबाइलवर व्हिडिओ लावला, त्यातला हसरा माणूस दहा सेकंदांत तंबू पिशवीत घालून मोकळा झाला. त्याचं तोंड बघून मी व्हिडिओ बंद करायला लावला. शेवटी आई उठली. तिने आयुष्यात तंबू पाहिलेला नव्हता. एक टोक थोरलीच्या हातात दिलं, नऊवारीची घालतात तशी घडी घातली, तळहाताने दोनदा सारखी केली आणि पिशवीत सरकवली. वर चार बोटं जागा उरली. तीत तिने आवळासुपारीची डबी ठेवली. "घाट लागतो ना," ती म्हणाली.

आई आमच्याबरोबर येणार नव्हती. गुडघे. पण तिचं सामान येणार होतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, रव्याचे लाडू, आणि लोणच्याची बाटली. ही बाटली आधी प्लास्टिकमध्ये, मग जुन्या धोतराच्या फडक्यात, मग पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती. जगात अशी गुंडाळी नाही जिच्यातून लोणच्याचं तेल बाहेर येत नाही. "अगं, तिथे पिठलं-भाकरी मिळते," मी म्हटलं. "पोरं खातात का पिठलं?" हे आई आणि बायको एकदम म्हणाल्या. त्या दोघींचं एकाच वाक्यावर एकमत व्हायची ती बहुधा तिसरी वेळ. मी गप्प बसलो.

औषधांच्या पिशवीबद्दल फार लिहीत नाही. तिच्यात जुलाब थांबण्याच्या गोळ्या होत्या, तशा पोट साफ होण्याच्याही होत्या. म्हणजे दोन्ही बाजू ऐकून घ्यायची तयारी होती.

पावसाचे दिवस तोंडावर, म्हणून माळ्यावरून रेनकोट काढले. थोरलीच्या बाह्या कोपरापर्यंत आल्या. तिचा धाकट्याला घालून बघितला, तर तो त्यात चालता बोलता तंबू झाला. एवीतेवी त्यालाच आवडला, म्हणून तो ठेवला. आणि त्याचबरोबर त्याने जाहीर केलं की तो नवे बूटच घालणार. हे बूट मामाने वाढदिवसाला दिलेले. पाऊल टाकलं की टाचेत लाल दिवे लुकलुकतात. "जंगलात सँडल बरे," मी म्हटलं. "बिबट्या आला तर?" तो म्हणाला. बिबट्या लाल दिव्याला थांबतो अशी त्याची समजूत होती. सिग्नलला माणसं थांबत नाहीत, हे त्याला इतक्यात कशाला सांगा.

आणि मग बॅटऱ्या. लोडशेडिंगच्या काळातून आलेल्या माणसांना अंधाराची भीती वाटत नाही, अपमान वाटतो. आईने तिची तीन सेलांची स्टीलची बॅटरी कपाटातून काढून पदराने पुसली. बायकोने डोक्याला बांधायचा दिवा मागवला. तो चारच्या पॅकमध्येच मिळत होता, म्हणून चार आले. थोरलीचा पुस्तकाला लावायचा चिमट्याचा दिवा. चार्जिंगचा कंदील. माझी स्वतःची एक. सासऱ्यांना कळलं तर त्यांनी माणूस पाठवून त्यांची पोचती केली. "अर्धा किलोमीटर फोकस जातो," असा निरोपही होता. एकूण नऊ. अंधार बघायला चाललेल्या चार माणसांसाठी नऊ. शिवाय सेलचे दोन पुडे, कारण ऐनवेळी नकोत उतरायला.

शनिवारी पहाटे डिकी भरायला घेतली. डिकी भरणं ही माझ्या वडिलांची कला होती, माझ्यात ती उतरलेली नाही. एकदा भरली, बंद होईना. सगळं खाली काढलं. तेवढ्यात आईने वरून खिडकीतून हाक मारून गोधडी घेतली का विचारलं. नव्हती घेतली. ती आली. शेवटी गाद्यांच्या दुकानात करतात तसं गुडघ्याने दाबून मी झाकण लावलं. वॉचमनने गेटचं दुसरं दारही उघडलं, जे तो एरवी फक्त टेम्पोसाठी उघडतो.

कसारा घाटात आवळासुपारी मागितली गेली. ती तंबूच्या पिशवीत होती. तंबू डिकीत होता. यापुढचं सांगत नाही. घोटीला गाडी धुतली.

तिथे पोचलो तेव्हा पाण्याकाठी तंबू ओळीने लावलेले होते. आत गाद्या, गाद्यांवर चादरी, कोपऱ्यात दिवा. टॉयलेट बाहेर, पण फरशीचं. यजमान डिकीपाशी येऊन उभा राहिला, आतल्या ढिगाकडे बघत. "सर, कपडे आणलेत ना?" त्याने विचारलं.

इथे तुम्हाला वाटलं असेल, कपड्यांची बॅग घरी राहिली. नाही. आली होती. सगळ्यात पहिल्यांदा भरली होती म्हणून सगळ्यात खाली होती. रात्र पडायच्या आत तिच्यापर्यंत खणत जाणं शक्य नव्हतं. प्रवासातल्या कपड्यांवरच आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. पोरांनी दोनदा मागून घेतली.

साडेआठला गावातला एक मुलगा आम्हाला काजवे दाखवायला न्यायला आला. आम्ही चौघं रांगेत उभे. कपाळांना चार दिवे, माझ्या हातात सासऱ्यांचा अर्धा किलोमीटर. त्याने डोळ्यांवर आडवा हात धरला.

"काका, हे सगळं इथंच ठेवा. बॅटरी नाही, मोबाइल नाही, फोटो नाही. काजवे उजेडानं एकमेकांना बोलावतात. आपला उजेड पडला की त्यांचं बोलणं तुटतं."

"नर लुकलुकतात आणि माद्या उत्तर देतात," थोरली म्हणाली. "मी वाचलंय. चिमट्याच्या दिव्यात."

नऊच्या नऊ बॅटऱ्या गाडीत गेल्या. पूर्ण अंधार. मला एकदम वीस वर्षं मागे गेल्यासारखं झालं, फक्त पुढे शिव्या देणारं कुणी नव्हतं. दहा पावलं गेलो असू.

"काका, ते लाल काय?"

धाकट्याचे बूट. ते बंद व्हायला बटण नसतं. मी वाकून हाताने टाचा दाबल्या, ते आणखी जोरात लागले. बूट काढून परत गाडीत ठेवायचे म्हटलं तर धाकट्याने बिबट्याचा मुद्दा काढला आणि गळा काढायच्या बेतात आला. शेवटी मी त्याला पाठीवर घेतलं आणि त्या मुलाने बूट काढून, समजुतीने, स्वतःच्या शर्टाच्या आत कोंबले.

समोरच्या वळणावर एक अख्खं झाड एका लयीत विझत होतं, पेटत होतं. आमच्यापुढे तो मुलगा चालत होता आणि पावलागणिक त्याचं पोट लाल होत होतं.

"बाबा," थोरली माझ्या कानाशी म्हणाली, "याला कुणी उत्तर दिलं तर?"